झिरो माईल: केंद्राचा दगड की उंचीचा? एका वारसा-अभ्यास मंडळापुढील प्रकरण

प्रकरणाचे स्वरूप

नागपुरात विधानभवनाच्या आग्नेयेला, सीताबर्डीच्या अखंड रहदारीत, झिरो माईलचा वालुकाश्मी स्तंभ आणि त्याच्या शेजारचे चार घोडे उभे आहेत. शहराची ओळख करून देताना हेच चित्र हटकून वापरले जाते आणि त्याखाली बहुधा एकच वाक्य असते: हा भारताचा मध्यबिंदू आहे. पाहुण्यांना बर्डीवर फिरवणारा प्रत्येक नागपूरकर हे वाक्य सांगतो, शाळकरी मुले ते निबंधात लिहितात, आणि त्यावर कुणी शंका घेतली तर ती शहराच्या मानावर घेतल्यासारखी वाटते.

अशा या दगडाच्या फलकासाठी छोटासा परिचयपर मजकूर लिहून देण्याचे काम शहरातील एका छोट्या वारसा-अभ्यास मंडळाकडे आले. मंडळात इतिहास शिकवणारे काही जण, एक वास्तुविशारद, भूमापनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि जुन्या नागपुराविषयी जिव्हाळा असलेली हौशी माणसे आहेत. महाल भागातील वाडे, विहिरी, दरवाजे आणि शिलालेख यांच्या नोंदी ठेवणे, हे त्यांचे नेहमीचे काम. काम किरकोळ वाटल्यामुळे ते एका बैठकीत उरकेल, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात पहिल्याच वाक्यावर गाडी अडली आणि त्या अडण्यातून मंडळाला आपल्या कामाची पद्धत नव्याने ठरवावी लागली. ती कशी ठरली हे इतर गावांतील अशा मंडळांना उपयोगी पडेल, म्हणून ही नोंद केली आहे.

मंडळाला काय करता येते आणि काय करता येत नाही

स्थानिक वारसा मंडळाच्या हाती कायद्याचे कोणतेही अधिकार नसतात, हे आरंभीच स्पष्ट असलेले बरे. केंद्र सरकारच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित असलेल्या स्थळांभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र असते. पण शहरांतील बहुसंख्य जुन्या वास्तू या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी विकास नियंत्रण नियमावलीचा मार्ग महाराष्ट्रात प्रथम मुंबईने १९९५ मध्ये अवलंबला आणि पुढे नागपुरातही वारसा वास्तूंची श्रेणीवार यादी व तिच्यावर मत देणारी समिती आली. झिरो माईल या यादीत पहिल्या श्रेणीत आहे. पहिल्या श्रेणीचा साधा अर्थ असा की मजबुतीसाठी अपरिहार्य असेल तेवढेच काम करायचे आणि मूळ रूपाला हात लावायचा नाही.

परंतु यादीत नाव असणे आणि ती वस्तू नेमकी काय आहे हे ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे. यादी ‘जपा’ असे सांगते. त्या वस्तूतील नेमके काय जपायचे हे अभ्यासावाचून कळत नाही. मंडळाचे काम या अंतरात येते आणि माझ्या मते तिथेच त्याचे खरे मोल आहे. मोर्चे, निवेदने आणि स्वाक्षऱ्यांच्या मोहिमा कुणालाही काढता येतात.

पहिल्या वाक्याचा वाद

मजकुराचा पहिला खर्डा रूढ वाक्यानेच सुरू होत होता. इतिहासाच्या एका शिक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला आणि ‘मध्यबिंदू’ हा उल्लेखच गाळावा असे सुचवले. दुसऱ्या गटाने ‘मध्यबिंदू मानला जातो’ अशी मधली वाट काढली. ही वाट सोयीची होती, कारण तिने कुणाचेच मन दुखावत नव्हते. तरी तिच्यातील अडचण अशी की ‘मानला जातो’ हे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून निसटतात आणि ‘मध्यबिंदू’ तेवढा लक्षात राहतो. फलकावर लिहिलेल्या अशा सावध वाक्यांनी आजवर किती दंतकथा पक्क्या केल्या असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

निवृत्त भूमापकांचे म्हणणे दोन्ही गटांहून निराळे होते. केंद्राचा प्रश्न बाजूला ठेवा, दगडावर काय लिहिले आहे ते आधी वाचा, असे ते म्हणाले. त्यांच्या सूचनेवरून मंडळाने वाचनाचे काम नीट हाती घेतले. झिजलेली अक्षरे भर दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. संध्याकाळी अंधारून आल्यावर विजेरीचा झोत दगडाच्या पृष्ठभागालगत आडवा धरला की अक्षरांच्या कडांच्या सावल्या पडतात आणि ओळी उमटतात. अक्षरांवर खडू घासण्याचा किंवा त्यांत रंग भरण्याचा मोह टाळावा लागतो, कारण रंगवणाऱ्याच्या हातून शिलालेख बदलतो आणि पुढची पिढी रंग वाचते.

दगड काय सांगतो

स्तंभ १९०७ चा आहे आणि तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे ब्रिटिशकालीन देशव्यापी भूमोजणीचा, प्रमाण बेंचमार्क, म्हणजे तलचिन्ह (उंची मोजण्यासाठीची पक्की खूण) आहे. त्याची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट दिली आहे, म्हणजे सुमारे ३११ मीटर. याखेरीज काही गावांची नावे आणि मैलांतील अंतरे कोरलेली आहेत: शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, जबलपूर १७०, रायपूर १७४, हैदराबाद ३१८, आणि चांद्यासारखी (आजचे चंद्रपूर) आणखी काही.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि गोंधळ नेमका त्यांच्या सरमिसळीतून होतो. अंतरांची यादी ही रस्त्यांची यादी आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. राजधानीहून प्रांतातील जिल्ह्याच्या ठिकाणांना आणि दक्षिणेला निजामाच्या शहराला जाणारे रस्ते इथे एकत्र येत. यादीतील नावे बहुतांशी या प्रांतातली आहेत आणि अंतरेही आजच्या रस्त्यांशी बरीच जुळतात. शिवनीचे ७९ मैल म्हणजे सुमारे १२७ किलोमीटर, जबलपूरचे १७० म्हणजे २७४ च्या आसपास. एका प्रांतिक राजधानीच्या हमरस्त्यांचा हा हिशेब आहे. देशाच्या मध्यबिंदूचा त्यात कुठे संबंध येत नाही.

उंचीचा आकडा मात्र अधिक खोल आहे आणि बैठकीत सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला, तो योग्यच होता. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत कशी सांगता येते, हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. भूमापकांनी तो उलगडून सांगितला. दोन उभ्या मोजपट्ट्यांच्या मधोमध पातळीयंत्र ठेवायचे, मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढच्या पट्टीवरचा वाचायचा, दोहोंतील फरक नोंदवायचा आणि मग सगळा सरंजाम उचलून पुढे न्यायचा. यंत्र बरोबर मध्ये ठेवल्याने दृष्टिरेषेतील दोष आणि पृथ्वीच्या वक्रतेचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा पडून वजा होतो. असे काही शे फुटांचे टप्पे जोडत किनाऱ्यापासून थेट देशाच्या पोटात यायचे, आणि तीच वाट पुन्हा मोजून दोन्ही मोजण्या पडताळायच्या. भारतात या कामाला १८५८ मध्ये सिंधमध्ये आरंभ झाला आणि पुढील अर्धशतकभर ते चालले. कराची, मुंबई, कारवार यांपासून मद्रास आणि विशाखापट्टणमपर्यंत ९ बंदरांवर भरती-ओहोटीच्या दीर्घकालीन नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवण्यात आली आणि तिच्यावर देशभरच्या मोजण्यांचे जाळे १९०९ मध्ये जुळवण्यात आले. नागपूरचा स्तंभ त्या जाळ्याच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. जाळ्यातील बारीकसारीक चिन्हे पुसली गेली, पूल पडले, इमारती पाडल्या गेल्या, तरी काही ठिकाणी पक्की खूण राहावी म्हणून प्रमाण तलचिन्हे बांधली जात. पुढच्या प्रत्येक कालव्याला, रेल्वेमार्गाला आणि नळयोजनेला उंचीचा आधार अशा चिन्हांवरून घेता येई.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तो सुशिक्षितांतही आढळतो. त्रिकोणमितीय सर्वेक्षण नागपूरहून सुरू झाले, म्हणून हा शून्य मैल, असे सांगितले जाते. सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ मध्ये विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे मोजणीची पहिली आधाररेषा, मोजून केला, आणि त्यांची दक्षिणोत्तर मुख्य मोजणी ७८ अंश रेखांशाच्या आसपास चालली. नागपूर त्याच्या पूर्वेला, ७९ अंशांच्या किंचित पुढे आहे. नागपूर परिसराचा लॅम्टन यांच्याशी संबंध आहे तो निराळा आणि माझ्या दृष्टीने अधिक चटका लावणारा आहे. वयाची सत्तरी जवळ आलेली असताना नागपूरच्या दिशेने येत असलेले लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले आणि तिथेच त्यांना पुरले. दोन तासांच्या अंतरावरील त्या कबरीची नागपुरात फारशी कुणाला वार्ताही नसते.

केंद्राच्या दाव्याची परीक्षा

दगडावर केंद्राचा उल्लेख नाही एवढ्यावर दावा निकालात निघत नाही, म्हणून मंडळाने तो स्वतंत्रपणे तपासला. देशाचा मध्यबिंदू काढायचा तर आधी देशाची सीमा ठरवावी लागते. १९०७ चा ब्रिटिश हिंदुस्थान बलुचिस्तानापासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेला होता. ब्रह्मदेश १९३७ मध्ये वेगळा झाला आणि फाळणी १९४७ मध्ये झाली. त्या सीमांचा मध्य आणि आजच्या सीमांचा मध्य एकाच दगडावर येणे शक्य नाही. आजच्या सीमा धरल्या तरी अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हिशेबात घ्यायचे की नाही, यावर उत्तर सरकते. मध्यप्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदी इथे देशाच्या केंद्राचे स्मारक आहे, आणि तिथले लोकही आपल्या दाव्यावर ठाम आहेत.

मग नागपूरकर या दाव्याला इतके का चिकटून आहेत? याचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकांनी दिले आणि मला ते पटते. जवळजवळ शतकभर प्रांताची राजधानी असलेले हे शहर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते स्थान गमावून बसले. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन इथे होते, एवढीच राजधानीपणाची खूण उरली. गेलेल्या मानाची भरपाई देशाच्या केंद्रस्थानाने होते. ही भावना खरी आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. तरीही भावनेची नोंद भावना म्हणूनच व्हावी. तिला मोजणीचा निष्कर्ष म्हणून फलकावर चढवणे बरोबर नव्हे.

प्रश्न फलकापलीकडे कसा गेला

इथवरचा वाद मजकुराचा होता. त्याला संरक्षणाचे वळण वास्तुविशारद बाईंच्या एका प्रश्नाने मिळाले. उद्या रस्ता रुंद करायचा म्हणून स्तंभ वीस फूट सरकवण्याची सूचना आली, किंवा शोभेसाठी तो उंच चौथऱ्यावर बसवायचे ठरले, तर मंडळ काय म्हणेल, असे त्यांनी विचारले.

केंद्राचे प्रतीक म्हणून विचार केला तर या सूचनेला विरोध करण्यासारखे फारसे काही हाती राहत नाही. प्रतीक वीस फूट सरकले तरी प्रतीकच राहते. उलट उंच चौथऱ्यावर ते अधिक डौलदार दिसेल, भोवती ग्रॅनाइट आणि कारंजे आले तर छायाचित्रेही चांगली निघतील. तलचिन्ह म्हणून विचार केला तर मात्र स्तंभाचे सारे मोल तो जिथे आणि जितक्या उंचीवर आहे तिथेच असण्यात आहे. एक इंच उचलला तरी त्यावर कोरलेला १०२०.१७१ हा आकडा खोटा पडतो आणि वस्तू दिसायला तीच राहूनही तिचा अर्थ संपतो. ताजमहालाची प्रतिकृती दुसरीकडे बांधता येईल. तलचिन्हाची प्रतिकृती ही कल्पनाच निरर्थक आहे.

या प्रश्नापुढे बैठकीचा सूर बदलला. ‘मध्यबिंदू’ ठेवावा म्हणणाऱ्यांतील बहुतेकांनी आपला आग्रह इथे सोडला, कारण वस्तूची ओळख चुकली तर तिची निगाही चुकणार, हे त्यांना दिसले. इतिहासाच्या पुराव्यांनी जे साधले नव्हते ते या व्यवहारी मुद्द्याने साधले, याची मला गंमत वाटते. पण मंडळे अशीच चालतात.

त्यातून निगेविषयीच्या शिफारशीही आपोआप निघाल्या. स्तंभ हलवू नये, उचलू नये, त्याच्या पायाजवळ खोदकाम करू नये. भोवतालची फरसबंदी दर दुरुस्तीत थराने चढत जाते आणि जुना दगड हळूहळू पुरला जातो. म्हणून नवा थर टाकण्याआधी जुना काढावा आणि पावसाचे पाणी पायापासून दूर जाईल असा उतार ठेवावा. वालुकाश्मावर ऑइलपेंट किंवा चकाकी आणणारा लेप देऊ नये, कारण दगडातील ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागामागे साठतात आणि वरचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. धूळ काढायला मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. आम्लाने धुणे म्हणजे शिलालेख धुऊन टाकणे. दुरुस्तीचे काम करणाऱ्याला या गोष्टी कळत नाहीत असे नाही, पण निविदेत ‘सुशोभीकरण’ असा शब्द असला की चकाकी द्यावीच लागते.

मजकूर आणि मुलांची परीक्षा

शेवटी पुढील मजकूर मान्य झाला: “हा स्तंभ १९०७ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने उभारलेले प्रमाण तलचिन्ह आहे. समुद्राच्या सरासरी पातळीपासून त्याची उंची १०२०.१७१ फूट (सुमारे ३११ मीटर) कोरलेली आहे. ही उंची किनाऱ्यावरील बंदरांपासून टप्प्याटप्प्याने पातळी मोजत आणलेल्या जाळ्याचा भाग आहे. स्तंभावर मध्यप्रांताची राजधानी असलेल्या नागपूरहून प्रमुख गावांची अंतरे मैलांत दिली आहेत. हे स्थान भारताचा मध्यबिंदू असल्याची समजूत नागपुरात रूढ आहे. स्तंभावर तसा उल्लेख नाही. स्तंभाचे महत्त्व तो मूळ जागी आणि मूळ उंचीवर असण्यात आहे.”

समजुतीचे वाक्य ठेवण्याचा निर्णय एकमताने झाला नाही. ते गाळले असते तर वाचणाऱ्याने ‘लिहायचे राहिले’ असे समजून आपल्या मनाने ते भरले असते, हा युक्तिवाद अखेर सरस ठरला. ‘मानला जातो’ या शब्दप्रयोगाऐवजी समजूत कुणाची आणि दगडावर काय नाही, हे दोन्ही लागोपाठच्या वाक्यांत आणल्यामुळे आधीची अडचणही टळली.

मजकूर देण्यापूर्वी तो एका शाळेच्या आठवीच्या वर्गात वाचून दाखवला. मुलांना मैल आणि फूट अनोळखी होते. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, म्हणजे त्यांच्या आजोबांच्या लहानपणचा. म्हणून अंतरांची किलोमीटरमधली सारणी वेगळी जोडावी लागली. एका मुलीने विचारले, “सर, मग केंद्र आपल्याकडे नाही तर झिरो कशाचा?” शिक्षकांनी तिला हैदराबादचा आकडा दाखवला आणि मोजायला सुरुवात कुठून केली असेल ते शोधायला सांगितले. तिने क्षणभर विचार करून पाय आपटला आणि म्हणाली, “इथूनच!” मजकुरात रस्त्यांचे वाक्य उंचीच्या वाक्याइतकेच ठळक ठेवावे, हे त्यावरून ठरले.

जे बाकी राहिले

दोन बाबी मंडळाने जाणूनबुजून या मजकुराबाहेर ठेवल्या. पहिली घोड्यांची. ते स्तंभाच्या जोडीने ओळखले जात असले, तरी त्यांच्याविषयी पुरेसा कागद हाती येईपर्यंत त्यांच्यावर एक ओळही लिहू नये असे ठरले. दुसरी बाब अधिक नाजूक होती. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांचे स्मारक याच परिसरात आहे. तलचिन्हाच्या फलकावर एका ओळीत त्याचा उल्लेख उरकणे औचित्याला धरून झाले नसते. त्याचा मजकूर समाजातील माणसांशी बोलून स्वतंत्रपणे तयार व्हावा, अशी नोंद इतिवृत्तात केली गेली. जमीन तीच असली तरी वारसा एकच नसतो, हे वारसा मंडळांना बहुधा उशिरा सुचते. इथे ते वेळेत सुचले.

सध्या मंडळाने ठरावीक जागांवरून ठरावीक अंतराने स्तंभाची छायाचित्रे घेण्याचा क्रम आखला आहे. त्यांत प्रत्येक वेळी चौथऱ्याची सर्वांत खालची दिसणारी कड आणि भोवतालची फरसबंदी यांतील अंतर पट्टी लावून टिपायचे आहे. हे अंतर कमी होत गेले तर थर चढत असल्याचा पुरावा हाती राहील. निवृत्त भूमापकांनी हिंगणघाटच्या कबरीची अशीच नोंद करण्याचे काम स्वतःकडे मागून घेतले असून, तिच्यावरील लेखाचे वाचन पूर्ण झाल्यावर दोन्ही नोंदी एकाच दप्तरात ठेवायच्या आहेत.